डब्यातली स्वच्छ हवा

स्लेट फोर्क, केंटकी
४ मार्च

ती. ऑर्लीनाताईस,
व्हर्जिलचा सा. न. वि. वि.

फोनवर दोन वाक्यांत धाप लागते, म्हणून लिहितो आहे. फुफ्फुसाच्या नव्या औषधाच्या चाचणीत मला घेतलं नाही. श्वासनलिकेत ब्रश घालून पेशी काढल्या होत्या. त्यांतली कोणती जनुकं जागी आहेत, यावरून आजार किती बळावलाय ते कळतं म्हणे. माझी शहाण्या मुलांसारखी गप्प निघाली. फुंकण्याच्या चाचणीत मी निम्माही उरलेलो नाही, आणि नमुना मात्र धडधाकट माणसाचा! डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

तू पाठवलेलं घेवड्याचं बी पोचलं. ते लावायला वाकणार कोण, तेवढं कळव.

तुझा,
व्हर्जिल

डेटन, ओहायो
८ मार्च

चि. व्हर्जिल यास अ. उ. आ.

पत्र वाचता वाचता माझा मक्याचा पाव करपला. मी तडक डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील तर जनुकं अशी गप्प बसू शकतात, आणि नमुन्याआधी त्या बंद ठेवायचं तुला लेखी दिलं होतं. खरं सांग, घेतल्यास ना? लहानपणी आईपासून ताप लपवायचास, तसंच हे.

दुसरा नमुना २८ तारखेला घेतील. त्यानंतर ही वाट बंद. माझ्या नवऱ्याला, एलिसला, मी याच आजारात पुरलं. तुला पुरायची ताकद माझ्यात नाही रे.

काळजीत असलेली,
ऑर्लीना

स्लेट फोर्क
१३ मार्च

ती. ताईस सा. न.

घेतल्या. नमुना द्यायचा म्हणजे स्वच्छच द्यायचा, एवढंच मला येतं. कोळशाच्या खाणीत धूळ मोजायचा पंप अंगावर लावायचा असे. आम्ही तो जेवणाच्या डब्यात ठेवून झाकण लावायचो. धूळ जास्त दिसली तर खाण बंद पडेल, हा धाक. मी मुकादम. बावीस वर्षं सगळ्या पाळीचे पंप मीच डब्यांत घालायला लावले.

एकदा एलिसभावोजींनी नकार दिला. म्हणाले, एक दिवस तरी खरं मोजू दे. मी म्हटलं, ताईला उपाशी ठेवायचंय का? मग त्यांनी मुकाट्याने तुझ्या मक्याच्या पावावर पंप ठेवला.

मी २८ला जाणार नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे. हे वाचून लोभ उरला तर कळव.

व्हर्जिल

डेटन
१७ मार्च

व्हर्जिल,

आशीर्वाद आज लिहवत नाही.

शेवटच्या महिन्यात एलिस रोज विचारायचा, कागदावर हवा स्वच्छ होती, मग माझ्या छातीत हे आलं कुठून? तू उशाशी बसलेला असायचास. प्रत्येक वेळी उठून खिडकी उघडायचास. मला वाटायचं, भावाला किती कळवळा आहे.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही, ते खोटं होईल. पण मरून सुटायचं म्हणशील तर तेही चालू देणार नाही. एलिसला खरं मोजायला एक दिवस हवा होता. तो आता तू द्यायचास. डॉक्टरीणबाईंना विचारून गोळ्या आजच थांबव, आणि आतली धूळ काय बोलते ते त्यांना ऐकू दे.

मी २७ला बसने येते. दवाखान्यात तुझ्या शेजारी बसेन. एलिसचा डबा आणते आहे. त्यात मक्याचा पाव असेल, दुसरं काही ठेवायचं नाही.

लोभाचं २८ तारखेनंतर बघू.

ऑर्लीना