सोगितची कोंबडी

प्रिय मैलिन,

पत्राला उशीर झाला, पोरी. चार वर्षांना उशीर तरी म्हणावं का, कोण जाणे. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, शाळा चौथीतच सुटली. रानाऊला जाणाऱ्या गाडीवाल्याकडे पत्र देतोय. तो विसराळू, म्हणून तुझा कुचिंगचा पत्ता पाकिटाच्या दोन्ही बाजूंना लिहिलाय. आता त्यानंच काही घोटाळा होईल की काय, ही नवी काळजी. तू जेवतेस ना वेळेवर?

परवा दिवेलागणीला ओट्यावरच्या दिव्याशी एक तपकिरी, लांबट भुंगेरा येऊन बसला. तूच सांगितलं होतंस, ओढ्यात कुजक्या लाकडाखाली राहणाऱ्या त्या कडक अळ्यांना पंख फुटले की त्या अशा दिसतात आणि त्याला वर्षं लागतात. त्यांचं कूळ अगदी लहान, जगात मोजक्याच ठिकाणी उरलेलं. शेजारची लिम्बाई म्हातारी मला म्हणाली, "घे गुम्पाल, लेकीची अळी आली बघ, कोंबडी परत मागायला!" ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. मग ताट सारून ओढ्यावर जाऊन बसलो.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी तागाल लागलेला होता, ओढा मासेमारीला बंद, आणि राखणदार मी. तू अभ्यासासाठी बरणीत सात अळ्या घेऊन काठावर आलीस. म्हणालीस, "आमा, अळीला मासा कोण म्हणतं?" पण आपल्या नियमात लिहिलंय, पाण्यात हलेल तो मासा. ते वाक्य मीच सांगून लिहवून घेतलं होतं, कोळंबी चोरणाऱ्यांसाठी. गावप्रमुख म्हणाले, "जाऊ दे रे, शिकणारी पोर आहे." मीच हटून बसलो. तू बरणी ओढ्यात रिकामी केलीस, तुझ्या गेलेल्या आईची, इनाची, तांबडी कोंबडी स्वतः पकडून आणलीस आणि सोगित म्हणून, नियम मोडल्याची भरपाई म्हणून, गावापुढे ठेवलीस. रस्सा सगळ्यांनी खाल्ला. जाताना पायरीवर एवढंच म्हणालीस, "इना असती तर तुम्हाला लाज वाटली असती." मला तेव्हाच वाटत होती, पोरी.

घर तसंच आहे. छताचा एक पत्रा वाजतो. भात अजून दोघांचा शिजवतो आणि उरलेला कोंबड्यांना घालतो. ओढ्यावर रोज जातो. मासे आता इतके माणसाळलेत की घोट्यांना तोंड लावतात. त्यांच्याशी बोलतो, तर लिम्बाई म्हणते, "मासे तरी उत्तर देतात का रे?"

आता खरं लिहितो. तू बरणी भरलीस त्याच्या आठ महिने आधी तुझी इना अंथरुणाला खिळली होती. तिला पेलियन माशाचं सार हवं होतं. ओढा तेव्हाही बंदच होता. पहाटे मी एक मासा धरला. राखणदारानंच. तिनं दोन चमचे घेतले, हसली, आणि पाचव्या दिवशी गेली. कुणाला कळलं नाही. तुझ्या सात अळ्यांकडे काणाडोळा केला असता, तर लोक माझ्याकडेही संशयानं बघतील आणि माझा मासा उघडा पडेल असं वाटलं, म्हणून मी तुझ्यावर ओरडलो. सोगित म्हणजे दंड नव्हे, तापलेलं गार करणं. तापलेला मी होतो, आणि कोंबडी तू दिलीस. पुढच्या महिन्यात, कापणी संपली की, तागाल उठेल. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर कबूल करणार आहे. कोंबडी निवडून ठेवलीय, तांबडीच आहे. पण कबुली रक्ताच्या माणसाच्या शेजारी उभं राहून द्यायची, ही आपली रीत, आणि मला तुझ्याशिवाय कुणी नाही. येशील का? नाही आलीस तरी रागवणार नाही, एकटाच उभा राहीन. फक्त हो की नाही, दोन अक्षरं लवकर कळव. गाडी बुधवारी आणि शनिवारी येते. दोन्ही दिवस मी रस्त्यावर येऊन उभा राहीन.

तुझाच,
आमा