विहीणबाईंपेक्षा जास्त उजेड

४ तारीख, सोमवार

तर आधी कोण उगवलं? विहीणबाई! नातीनं फोटोसाठी आमच्याकडे दहाला बोलावलेलं, या साडेनवालाच हजर, केस सेट करून. मी मुळीच जळत नाही. नात त्यांच्याकडे राहते ते कॉलेज जवळ पडतं म्हणून. जीव माझ्यावरच.

आणि पोर केवढी हुशार! खोलीत अंधार करायचा, बॅटरीनं एकेक जागा उजळायची, दर वेळी फोटो. मग कॉम्प्युटर ते सगळे एकावर एक रचतो. उजेड तेवढा ठेवतो, अंधार गाळतो. चाळणीच. स्पर्धेला एकाच आजीचा फोटो जाणार. कुणाचा, ते काय सांगायला हवं?

आज दोघी नुसती खोली बघून गेल्या.

५ तारीख, मंगळवार

निश्चय केला. हलायचं नाही. बोलायचं नाही. विहीणबाईंकडे बघायचं नाही.

सराव केला, खुर्चीत दहा मिनिटं पुतळा. हे म्हणाले, तीनच झाली, त्यातही दूधवाल्याशी भांडलीस. ह्यांना घड्याळ कळत नाही.

७ तारीख, गुरुवार, दुपार

खिडक्यांना चादरी. नात म्हणाली, आधी दोघींचा एकत्र, मग एकेकीचा. बसलो सोफ्यावर.

विहीणबाईंच्या तोंडावर बॅटरी चांगली चार सेकंद. माझ्यावर तीन! मी मोजली. म्हटलं, बाळा, परत उजेड टाक गं. टाकला. म्हटलं, अजून एकदा. अशी पाच वेळा उजळून घेतली. त्यांना एकदाच. बिचाऱ्या.

हलले नाही. मान जरा वळली असेल, ती त्यांचा पदर नीट आहे ना बघायला. एकेकीचा राहिलाच, बॅटरी संपली.

९ तारीख, शनिवार

नात नि विहीणबाई, दोघी फोटो घेऊन आल्या.

विहीणबाई एक, शांत, समोर बघताहेत. माझं धड एक, तोंडं पाच. पाचही विहीणबाईंकडे. डोळे वटारून.

विहीणबाई म्हणाल्या, इतकं काय बघत होतात हो? मागितलं असतंत तर दिलं असतं. हे हसून हसून ठसकले.

मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडलाय. नात म्हणाली, नाही गं आजी, त्यानं स्वतःचं काही घातलं नाही, जे उजळलं तेच ठेवलं. ती तर खुशीत नाचतेय, हाच स्पर्धेला पाठवणार.

म्हटलं, निदान चार तोंडं पूस. म्हणाली, पुसते, कुठलं ठेवू सांग.

चष्मा लावून बराच वेळ शोधलं. समोर बघणारं एकही नव्हतं.

बुधवारी फ्रेम करून आणतो म्हणाल्यात. दोघी.