टोपी, कडं आणि वीस काड्या

प्रिय शिवकन्या,

पार्सलातल्या वस्तू मोजून घे, सगळ्या माझ्या हातच्या आहेत. थंड पेयाच्या दोन डब्यांची बुडं एकमेकांत बसवून केलेली स्पिरिटची चूल एक, कडेला सोळा भोकं, सुईनं पाडलेली. मंद आचेची टोपी एक, तिला मधोमध बारा मिलिमीटरचं एकच भोक. वारा अडवायचं पत्र्याचं कडं. सायकलच्या आऱ्यांची तिवई. खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर रेघ मारून केलेलं माप. आणि दोऱ्यानं बांधलेल्या गवताच्या वीस काड्या. काड्या काही मी केल्या नाहीत, फक्त सारख्या लांबीच्या कापल्या. त्यांचं पुढं सांगतो.

सव्वादोन महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस. ती मुद्दाम स्पीकरवर ठेवते आणि मी पाना फिरवायचा थांबतो, तेवढ्यावर माझं भागतं. खोकला गेला का? इकडं वडीगोद्रीत ऊन लई आहे, दुकान दुरुस्तीला आलेल्या कूलरनी भरलंय, मला बसायला स्टूलाएवढी जागा उरली. झुंबरबाईंनी कुकर तिसऱ्यांदा आणला, शिट्टी होत नाही म्हणून. दर वेळी शिट्टीत डाळ अडकलेली निघते आणि दर वेळी बाई म्हणतात, बिघाड कुकरचाच.

दिवाळीत तू आल्तीस तेव्हा म्हणालीस, गडावर दर वेळी त्याच शेवया खाऊन कंटाळा आला, आजीसारख्या ज्वारीच्या कण्या खायच्यात, पाठीवरच्या पिशवीत मावेल अशी चूल करून द्या. मला किती बरं वाटलं ते मी तेव्हा बोललो नाही. आयटीआयचं तोंड न पाहिलेल्या बापाकडं पुण्यातल्या नोकरदार पोरीनं काहीतरी मागितलं. पॉलिशवाल्याकडून स्पिरिट आणलं आणि कामाला लागलो. पाणी पहिल्याच चुलीवर चार मिनिटांत उकळलं. कण्या मात्र खाली करपायच्या आणि वर कच्च्या राहायच्या. तुझी आई करपलेलं पातेलं घासताना म्हणाली, तुमच्या चुलीला घाई लई, मालकावर गेली. जाळ दाबणारी टोपी जमायला अकरा चुली लागल्या. बाराव्या चुलीवर कण्या शिजल्या, तीच तुला संक्रांतीला दिली, सोबत अकरा सूचनांचा कागद. चौथी सूचना अशी होती: विझल्याशिवाय स्पिरिट ओतू नये.

पुढं गडावर काय झालं ते तुला मी काय सांगू. तुझ्या मैत्रिणीनं, आकांक्षानं, स्पिरिट ओतायला बाटली वाकडी केली आणि तिचा हात भाजला. तू दवाखान्यातून फोन केलास, रडत म्हणालीस, "आण्णा, जाळ दिसतच नव्हता."

मी म्हणालो, "जाळ दिसत न्हाई असं कधी असतं का? लिहून दिल्तं, वाचता येत न्हाई का तुम्हाला?"

त्या पोरीचा हात कसा आहे, एवढंही मी विचारलं नाही.

आता गेल्या सोमवारचं ऐक. पुण्याचे राधेश्याम म्हणून एक दुकानदार आले, डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकतात. तुमच्या ग्रुपमधल्या कुणाच्या फोटोत चूल पाहून आल्ते. मी नवी इस्त्री केलेला सदरा घातला. दुकानात जागा नव्हती म्हणून तुझ्यासारखीच केलेली दुसरी चूल अंगणात मांडली, भर दुपारी बारा वाजता. पोरी, बाराच्या बारा चुली मी दुकानाच्या मागच्या पत्र्याखाली पेटवल्यात, जिथं दिवसाही बल्ब लागतो. तिथं निळा जाळ बराबर दिसतो. उन्हात एक चूल मी कधी लावली नव्हती. अंगणात पाणी उकळून झालं, मी वाकून पाहिलं, जाळ नव्हता. विझली समजून मी बाटली उचलली. तुझ्या आईनं मनगट धरलं, "थांबा, वर हवा हालून राह्यली." तोवर माझ्या हातावरचे केस जळाले होते.

मला माझे वडील आठवले. तुझे आजोबा रायभान मेंढरं घेऊन गोदाकाठाला चार-चार महिने हिंडायचे, सुट्टीत मी बरोबर असायचो. रात्रीचा विस्तव राखेखाली झाकलेला, वरून थंडगार दिसायचा. ते त्यात कधी हात घालत नसत. वाळली काडी धरायचे. काडी पेटली की समजायचं, विस्तव जिता आहे. मी हे रोज पाहिलेलं. तरी माझ्या अकरा सूचनांत ते नव्हतं.

आणखी एक. जुन्या चुलीत स्पिरिट पंचवीस मिलीच मावायचं, कण्यांना ते एका भरण्यात पुरत नव्हतं, मीही मधे विझवून पुन्हा भरायचो, म्हणून तुम्हाला मधेच ओतावं लागलं. तीही माझीच चूक. या चुलीत पंचेचाळीस मावतं. उकळी येईपर्यंत टोपीशिवाय ठेवायची, मग टोपी घालायची. तेहतीस मिनिटं चालते, कण्या मऊ होतात, मधे ओतायचं कामच नाही. तरी चुलीला हात लावण्याआधी काडी धरायची. वीस संपल्या की गवत सगळीकडं असतं.

पत्र एवढ्यासाठी लिहिलं की फोनवर मला हे जमलं नसतं. तू खरं बोलत होतीस, शिवकन्या. जाळ दिसत नव्हता. दोष चुलीत होता आणि चूल माझी होती. हे आकांक्षाला वाचून दाखव, आणि तिचा हात आता पुरता मिटतो का ते मला कळव. आईच्या फोनवर कळवलंस तरी चालेल. राधेश्यामना मी म्हटलं, उन्हात जाळ दिसत न्हाई, आधी त्याचं बघू. ते हसून म्हणाले, त्यात काय, डब्यावर बारीक अक्षरात 'काळजीपूर्वक वापरा' असं छापू. मी तेच तर केलं होतं. त्यांना चहा पाजला आणि न्हाई म्हणालो. नमुना आणि पहिले पाचशे नग मिळून ते एक लाख चाळीस हजार देत होते.

तुझाच,
आण्णा