पेटीच्या पट्टीतला रॉक

४ फेब्रुवारी १९८६
दिन्याचा फोन, बँकेतून. आमच्या ‘ब्लॅक कोकम’ची कॅसेट निघणार. निवडक गाणी! निवडायला जास्त असावी लागतात. आमची एकूण अकरा, कॅसेटवर दहा. गिटारला दिन्या, बेसला मी, गायला सुहास. घाटकोपर ते मुलुंड गाजलो. पुढे जकात नाका होता.
सुहास जाऊन पाच वर्षं.

११ फेब्रु.
अंधेरी. स्टुडिओ म्हणजे गाळा, भिंतींना गाद्या. बॉबी नावाचा इसम जुन्या टेपवर नवे ड्रम, नवा कीबोर्ड चढवतोय. रीमिक्स. वैतागलेला.
“अंकल, पट्टी कुठली तुमची? माझ्या कीबोर्डमध्ये नाय ती.”
नसणारच. सुहासच्या वडिलांच्या भजनी मंडळाची पेटी, तिच्यावर गिटारी लावायचो. गुरुवारची आरती झाल्याशिवाय मिळायची नाही. वर बुक्का, आत गंजके सूर, आवाज दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी. आम्ही एकमेकांशी जुळलेले, जगाशी नाही.
बॉबीने टेप जोरात पळवली. जुळलं. दिन्या, “झकास ना?” सुहास मिसरूड फुटायच्या आधीचा वाटतो.

१६ फेब्रु.
दिन्याबरोबर मुलुंड, सुहासच्या घरी. त्याच्या बायकोला, वीणावहिनींना, रीमिक्स ऐकवलं. सुहासचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला. घरची टेप बुरशीने गेली, दुसरी नाही. शेवटपर्यंत ऐकलं.
“छान आहे. गातंय कोण?”
दिन्याचं बिस्किट चहात बुडालं.

१७ फेब्रु.
दि.शी भांडण.
“कोणाला कळतंय यार?”
“जिला कळायला पाहिजे तिला कळलं.”
“कॅसेट कंपनीचा मालक म्हणतो, हळू गाणी खपत नाहीत. वाट लागेल.”
“लागू दे. आपली कधी लागली नव्हती?”
हसला नाही.

२२ फेब्रु.
मंडळाचे बुवा पेटी देईनात. “परत आणशील ना रे? सुहास्या न्यायचा ती थेट एकादशीलाच उगवायची.” शेवटी दिली. रिक्षात मांडीवर घेऊन अंधेरी. मी ‘सा’ धरला, बॉबीने कीबोर्डमागचं बटण फिरवत फिरवत त्याला तिथवर उतरवलं. मग टेप, तिच्या मूळ चालीने.
पहिल्या ओळीआधी सुहास घसा खाकरतो. विसरलोच होतो. दि. बाहेर जाऊन उभा राहिला.
मालक: “दोन्ही तयार ठेवा. कुठली छापायची ते मी बघतो.”

१९ मार्च
कॅसेट आली. कव्हरवर आम्ही तिघे कल्ल्यांसकट, बॉबीचं नाव आमच्याहून ठसठशीत. कुठली छापली, मालक सांगेना. “ऐका की!” दि.ची हिंमत नाही. माझी तर त्याहून नाही.
पेटी अजून माझ्याकडेच, बुवांच्या शिव्याही. दोन्ही आणि कॅसेट घेऊन मुलुंड. दि. आधीच दारात, बँक बुडवून.
वहिनींनी पंखा बंद केला. पेटी पुढ्यात ओढली, भाता उघडला, ‘सा’ धरला.
“हं. लाव आता. जुळतो का बघू.”
दि.ने बटण दाबलं. सुरुवातीला नुसती खरखर. पेटी चालूच.