मी मंगळवारी कुठे जाते

प्रिय चिंगे,

मंगळवारी संध्याकाळी ताई कुठे जाते असं कुणी विचारलं, तर ‘गाण्याच्या क्लासला’ असं सांगायचं, हा तुझा निरोप तुझ्या नवऱ्याने पोचवला. मी तसं सांगणार नाही. एक तर माझा आवाज सगळ्यांना माहीत आहे, कुणाचा विश्वास बसणार नाही. तुझ्या जाऊबाईंनी मला त्या जिन्यावर पाहिलं ते बरोबरच पाहिलं. दारू सुटावी म्हणून माणसं जिथे जमतात, तिथे मी वर्षभर जाते आहे, आणि दिवसाढवळ्या समोरच्या जिन्याने जाते. फोनवर सांगायला लागले तर तू मध्येच ठेवून देशील, म्हणून लिहिते आहे.

तुला मी काहीच धड सांगितलेलं नाही. बावीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते. हात थरथरायला लागले तेव्हा मालक म्हणाले, वय झालं. मीही होकार दिला. डब्याबरोबर नेत होते त्या बाटलीत पाणी नसायचं. सकाळी दहाला दोन घोट घेतले की हात स्थिर व्हायचे, आणि मला वाटायचं, हे तर औषधच आहे. नवरा गेल्याच्या दुःखात मी प्यायला लागले असं तुम्ही सगळे म्हणता. खोटं आहे ते. तो असतानाही मी पीत होते. त्या बिचाऱ्याच्या माथी काही मारू नका.

मग एक बस ड्रायव्हर आला. त्याचा चष्मा मी दोनदा चुकवला. पहिल्यांदा उजवी काच डावीकडे बसवली, दुसऱ्यांदा काच तिरपी बसली. तो चष्मा घालून डेपोत बस मागे घेताना त्याने ती भिंतीला घासली. बसमध्ये कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तो तडक मागच्या खोलीत आला. मी साळसूदपणे म्हटलं, “तुमचा नंबर बदलला असेल.” तो म्हणाला, “बाई, डोळे गेले असतील, नाक अजून शाबूत आहे.” मग पावतीच्या मागे पत्ता लिहिला. “चष्मा परत करून द्या. आणि मंगळवारी सहाला इथे या. मी अकरा वर्षं जातोय.” मालकांकडे तो एक शब्द बोलला नाही. मला त्याचा इतका राग आला की चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली. दुकान बंद व्हायच्या आत परत काढली.

लहान मुलांच्या चित्रकलेच्या वर्गात जमतात ते सगळे. खुर्च्या एवढ्याशा, गुडघे हनुवटीला लागतात. नऊ पुरुष आणि एक नर्स. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “मला झोप येत नाही म्हणून आले.” कुणी हसलं नाही. नर्स म्हणाली, “चालेल. पुढच्या वेळीही त्याचसाठी या.” चार मंगळवार मी झोपेचंच गाऱ्हाणं सांगितलं. पाचव्या मंगळवारी दुपारी पिऊनच गेले. दारातच ड्रायव्हरने विचारलं, “घेतलीत?” म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “बसा.” मला वाटलं होतं, हाकलतील. मी बसले, आणि माझी पाळी आल्यावर म्हणाले, “मी दारू पिते. मला थांबता येत नाही.” त्या दुपारचा घोट माझा शेवटचा. त्याला आता अकरा महिने झाले. दुसऱ्याच दिवशी मालकांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी तीन महिने काचांना हात लावू दिला नाही, काउंटरवर बसवलं. आता मी पुन्हा मागच्या खोलीत आहे.

तू म्हणतेस घराचं नाव जाईल. बाबांच्या पिण्याला आपण वर्षानुवर्षं ‘डोकेदुखी’ म्हणत आलो. आई दार लोटून घ्यायची, आपण दोघी चवड्यांवर चालायचो, शेजारी आले की म्हणायचो, बाबांचं डोकं दुखतंय. घराचं नाव शाबूत राहिलं. बाबा राहिले नाहीत. ते नाव सांभाळायचं काम मी सोडलंय, चिंगे. तूही सोड.

कारण गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता तू फोन केलास, तेव्हा एकच गोष्ट तीनदा सांगितलीस, आणि ‘सासूबाई’ म्हणताना तुझी जीभ दोनदा अडखळली. ती जीभ मी ओळखते. वर्षानुवर्षं ती माझ्याच तोंडात होती. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं, आणि ते लिहायला मला चार पानं लागली. रागाव, पत्र फाड, नवऱ्याला सांग की ताईचं डोकं फिरलंय. मी मोठी आहे, ऐकून घेईन. पण गप्प बसणार नाही. येत्या मंगळवारी साडेपाचला मी तुझ्या दाराशी असेन. जाऊबाईंना बघायचं तर बघू देत, त्यांनाही नमस्कार करीन. दार उघडलं नाहीस तर बेल वाजवत बसणार नाही, निघून जाईन. त्याच्या पुढच्या मंगळवारी परत येईन.

तुझीच, आणि तुला न जुमानणारी,
ताई