चेहरे पाहू नयेत

सोमवार

आज शवागाराचा ताबा घेतला. स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची, खिडकीत छान ऊन! साथ लोकांना भोवली, मला मात्र बढती देऊन गेली. हाताखाली एक म्हातारा सेवक आहे, सगळे त्याला आबा म्हणतात. वॉर्डातून आलेली प्रत्येक पिशवी हा उघडतो, चेहरा पाहतो, नाकाशी बोट धरतो, मनगटावरची चिठ्ठी वाचतो आणि मगच नाव लिहितो. एकेका मढ्यामागे दहा मिनिटं! का, तर म्हणे, "साहेब, वर घाई असते. आपण तरी बघून घ्यावं." डॉक्टरांहून शहाणा!

बुधवार

हुकूम काढला : खाली आलेली पिशवी उघडायची नाही. वॉर्डात चेन लावून बाहेरून नंबर चिकटवतात, तोच खरा. आबाला फाटकावर बसवलं. दिवसात चाळीस पिशव्या मार्गी लागल्या. वरिष्ठांनी पाठ थोपटली. काचेपलीकडे नातेवाईक एकदा तोंड दाखवा म्हणून गळे काढतात. जिवंतपणी ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही, त्यांना आता दर्शन हवं!

शुक्रवार

एक शिक्षिका भांडायला आली. हिने नियम मोडून स्मशानात पिशवी उघडली, तर आत दुसराच कोणी. तिच्या नवऱ्याच्या डाव्या हाताला चारच बोटं होती म्हणे. मी समजावलं, बाई, मेल्यावर माणूस ओळखू येत नाही. तर म्हणते, "मेल्यावर बोट उगवतं का हो?"

शिपायाकरवी बाहेर काढली. असल्यांच्या तोंडी कोण लागणार!

शनिवार

ताईचा फोन. आईला ताप आहे, इथेच वर दाखल केलंय. भेटायला जायचं होतं. कामाच्या रगाड्यात राहून गेलं.

रविवार, सकाळ

आई गेली. वॉर्डातून निरोप आला, नंबर त्रेसष्ट. ताईला म्हटलं, सगळं माझ्याच हातात आहे, काळजी करू नकोस.

त्रेसष्ट उघडली. आत मिशीवाला माणूस.

दुपार

फाटकावर जाऊन आबांपुढे हात जोडले. ते येऊन चेन उघडायला लागले. सतरा झाल्या. आई नाही. सकाळच्या गाडीतून अकरा स्मशानात गेल्या. त्यात असली तर—

अठरावी. एक मुलगी. नखं तुटलेली. चेनला आतून रक्त—

बुधवारची. कुणी न्यायलाच आलं नाही. सही माझी.

आबा म्हणाले, "ही खाली आली तेव्हा जिवंत होती, साहेब."

तीन वाजले

अजून बावीस. लिहिलं नाही तर ओरडेन. ताई काचेशी उभी आहे, खुणेने विचारतेय, सापडली का. तिला काय—

आबांनी मनगट धरलं. "पेन ठेवा. ऐका."

तिसऱ्या रांगेत. प्लॅस्टिक आतून कुणीतरी—