हिराआजीची मिठाची पुरचुंडी

बुध. २१ जाने.
शिरगावचं लसीकरण. दीड महिन्याच्या वेदूला पेंटा लसीचा पहिला डोस, डाव्या मांडीत. जरासं कुईं केलं नि गप्प. वीस वर्षं सुई धरतेय, हात उगाच नाही बसला! पण त्याची आजी, हिराबाई, घुश्श्यात. "कुल्ल्यावर दे ना गो बाय. आमच्या सगल्या पोरांना तितंच दिलं. पाय अधू झाला मंजे?" गर्दी होती. "काही होत नाही" म्हटलं आणि पुढचं बाळ घेतलं.

शुक्र. २३ जाने.
वेदूच्या आईचा, स्नेहाचा फोन. "सिस्टर, मांडी टम्म झालीय." धावत गेले. थोडी सूज, ताप येतोच, पण इथे कातडी लालभडक. शेगडीजवळ पुरचुंडी दिसली. आजीने मीठ तापवून शेकलं, वर चोळलंही! तिचं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. दुखलं खुपलं की मीठ. भडकलेच मी. डॉक्टरांना दाखवून आणलं.
घरी आल्यावर लाज वाटली. शेकू नका, चोळू नका हे सांगायचं काम माझं. राहिलं.

सोम. ९ फेब्रु.
मांडी बरी. पण आजी म्हणते पुढचा डोस नाही, दिलाच तर कुल्ल्यावर. गेले, ठाण मांडून बसले, समजावलं. एवढ्याशा पोराच्या कुल्ल्यात नुसती चरबी, लस तिथे अडकली तर अंगात रोगाशी लढायची ताकद कमी तयार होते. शिवाय पायाची मोठी नस तिथूनच जाते. मांडीत स्नायू भरलेला, लस नीट लागते, सूजही कमी.
"मंग सुजला का?"
"शेकल्यामुळे. आणि मी सांगितलं नाही म्हणून."
मान फिरवून शेगडीकडे गेली. चहा मात्र दिला.

बुध. १८ फेब्रु.
दुपारपर्यंत वेदू नाही. सामान आवरायला घेतलं, तर आजीच त्याला घेऊन हजर! मांडीवर घेतलं, डावा पाय स्वतः धरला. "हितंच दे." दिला दुसरा डोस. शेजारची बाई कुल्ल्यावर द्या म्हणाली तर आजीने तिलाच झापलं, "तितं चरबी असते, कलत नाय का?" अगं बाई, माझंच वाक्य! कसली फुशारले मी. ओला फडका ठेवा, शेकू नका, चोळू नका, तीनदा बजावलं.
निघताना आजीने कमरेची मिठाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. "तुज्याकडं ठेव. घरान असली तं हात जाईल माजा."
पर्समध्ये आहे. पण मीठ काय, तिच्या घरात बरणीभर असेल. उद्या शिवजयंतीची सुट्टी, तरी सकाळीच जाऊन पाय बघून येते.